लासाल स्ट्रीटवरची इमारत आणि तिचा फोटोग्राफर

13 एप्रिल 1972. शिकागोच्या लासाल स्ट्रीटवर जुन्या स्टॉक एक्स्चेंज इमारतीचे पाडकाम चालू होते. रिचर्ड निकेल त्या दिवशी एकटाच आत शिरला. नक्षीचे आणखी काही तुकडे सोडवून आणायचे होते. संध्याकाळ झाली तरी तो परतला नाही. शोध सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला आणि 9 मे रोजी ढिगाऱ्याखाली त्याचा मृतदेह सापडला. वय 43. जूनमध्ये त्याचे लग्न व्हायचे होते.

निकेलची गोष्ट बहुतेक जण इथून सुरू करतात आणि इथेच संपवतात. जुन्या वास्तूंसाठी जीव देणारा माणूस अशी त्याची ओळख झाली आहे. मला या सांगण्याचा त्रास होतो. त्या एका दिवसाखाली त्याची आधीची वीस वर्षे दडपली जातात, आणि शिकण्यासारखे जे आहे ते त्या वीस वर्षांतच आहे. आपल्या डोळ्यांदेखत जाणाऱ्या इमारतींचे फोटो काढून ठेवावेत असे ज्याला वाटते, त्याने या माणसाने काय टिपले, कसे टिपले, कॅमेरा कुठे अपुरा पडला आणि त्याने कुठे थांबायला हवे होते, हे नीट बघावे. म्हणून हे प्रकरण मी पहिल्यापासून मांडतो.

वर्गातले काम, जे एकाने सोडले नाही

निकेलचा जन्म 1928 चा, शिकागोतल्याच एका पोलिश कुटुंबातला. सैन्यातली नोकरी करून आल्यावर तो इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये फोटोग्राफी शिकायला गेला. लास्लो मोहोली-नॉजने 1937 मध्ये ‘न्यू बाउहाउस’ म्हणून सुरू केलेली ही संस्था. हॅरी कॅलहन आणि ॲरन सिस्किंड हे तिथले शिक्षक. सिस्किंडने 1950 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत विद्यार्थ्यांना एक सामूहिक काम दिले: वास्तुकार लुई सलिव्हनच्या इमारतींचे फोटो काढायचे. 1954 मध्ये त्याचे प्रदर्शन झाले आणि पुढे पुस्तक करायचे ठरले. बाकीचे विद्यार्थी शिक्षण संपवून आपापल्या वाटेने गेले. निकेल मात्र त्या कामातच राहिला. 1957 मध्ये त्याने याच विषयावर प्रबंध दिला, आणि त्यानंतरही तो मरेपर्यंत हेच काम करत होता.

सलिव्हनच का, हे कळायला थोडे मागे जावे लागते. ऑक्टोबर 1871 च्या आगीत शिकागोचा मधला भाग जळून गेला. शहर नव्याने उभे राहिले ते पोलादी सांगाडा आणि लिफ्ट यांच्या जोरावर, उंच. या उभारणीत डँकमार ॲडलर आणि लुई सलिव्हन यांची जोडी जमली. ॲडलर अभियंता होता. पाया, भार आणि विशेषतः नाट्यगृहातला आवाज ही त्याची हुकमत. सलिव्हनकडे रूप आणि नक्षी. 1889 चे ऑडिटोरियम हे त्यांचे सर्वांत गाजलेले काम. 1893 मध्ये मोठी मंदी आली, 1895 मध्ये भागीदारी तुटली. ॲडलर 1900 मध्ये गेला. सलिव्हनकडची कामे आटत गेली. 1909 मध्ये त्याच्या घरातल्या वस्तूंचा आणि पुस्तकांचा लिलाव झाला, आणि 1924 मध्ये तो हलाखीत वारला. ‘रूप कामामागून येते’ हे ज्याचे 1896 चे वाक्य आजही वास्तुकलेच्या प्रत्येक वर्गात ऐकवले जाते, त्याच्या कार्यालयाची फार थोडी चित्रे आणि कागद मागे उरले.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मूळ नकाशे हाताशी असले तर इमारत गेल्यावरही काहीतरी सांगता येते. इथे बहुतेक कामांचा पुरावा म्हणजे खुद्द ती इमारत. ती पडली की पुरावाही गेला. निकेलच्या फोटोंना आठवणीपलीकडचे वजन येते ते यामुळे. पुष्कळ ठिकाणी त्याची निगेटिव्ह हाच मूळ कागद ठरला.

आणि इमारती तर पटापट पडत होत्या. शहराच्या पुनर्विकासाच्या नावाखाली दक्षिण भागातल्या अख्ख्या वस्त्या सपाट होत होत्या. मधल्या भागात जुन्या व्यापारी इमारतींच्या जागी पार्किंग आणि नवे टॉवर येत होते. निकेल शिकत होता ती संस्था इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सामील झाली होती, आणि त्याच विद्यापीठाने 1952 मध्ये आपला परिसर वाढवण्यासाठी ‘मेक्का फ्लॅट्स’ ही प्रसिद्ध निवासी इमारत पाडली. तरुण फोटोग्राफर ज्या शहरात काम शिकत होता ते शहर असे होते.

शोधायचे कसे

एखाद्या शहरातल्या जुन्या इमारतींचे फोटो म्हटले की आपण बहुतेक वेळा माहीत असलेल्या चार-सहा वास्तूंकडे जातो. निकेलने उलटे केले. आधी यादी, मग कॅमेरा. ‘इनलँड आर्किटेक्ट’सारखी एकोणिसाव्या शतकातली व्यावसायिक मासिके आणि वर्तमानपत्रे त्याने चाळली. अमुक रस्त्यावर अमुक व्यापाऱ्यासाठी ॲडलर-सलिव्हन दुकान बांधत आहेत, अशा दोन ओळींच्या बातम्या त्यांत सापडत. मधल्या काळात शिकागोने 1909 मध्ये घरक्रमांकांची पद्धत बदलली होती, त्यामुळे जुना पत्ता घेऊन गेलेला माणूस भलत्याच दारात उभा राही. क्रमांक जुळवायचे, जागेवर जायचे आणि बघायचे.

बघायचे म्हणजे काय, हे इथे नीट समजून घेण्यासारखे आहे. तळमजल्याचा दर्शनी भाग दुकानदारांनी तीनदा बदललेला असतो. वर जाहिरातींचे फलक, पत्रे, काजळी. मूळ हात उरतो तो वरच्या मजल्यांच्या खिडक्यांभोवती, छताच्या कडेला, एखाद्या खांबाच्या माथ्यावर. सलिव्हनची नक्षी ओळखता येते. बीजातून कोंब फुटावा तशी ती एका भौमितिक मुळातून उलगडते. पाने वळतात, पण त्यांच्या खाली चौकटीचा हिशेब पक्का असतो. क्रिस्टियन श्नायडर नावाचा कारागीर सलिव्हनच्या चित्रांवरून मातीचे साचे घडवी आणि त्यावरून टेराकोटाचे फरशीसारखे भाग भाजून निघत. हा हात डोळ्यांत बसला की काजळीखालूनही तो दिसतो. निकेलच्या डोळ्यांत तो बसला होता. अभ्यासकांच्या यादीत नसलेली तीसहून अधिक कामे त्याने हुडकली.

यातली काही तो पोचेपर्यंत गेलेली असत, काही त्याने शोधल्यावर काही महिन्यांतच पाडली जात. शोधणे आणि गमावणे यांच्यामध्ये एखाद-दोन भेटींचाच अवधी मिळे. म्हणून त्याची फोटो काढायची पद्धत घडली ती घाईत असूनही सावकाश.

त्याचा मुख्य कॅमेरा म्हणजे ट्रायपॉडवरचा, कापडाखाली डोके घालून बघायचा, मोठ्या शीट फिल्मचा व्ह्यू कॅमेरा. हाताळायला जड, एका वेळी एकच फिल्म. पण इमारतींसाठी त्याचा एक गुण असा आहे की त्याला तोड नाही. आपण साध्या कॅमेऱ्याने उंच इमारत घेतो तेव्हा कॅमेरा वर करतो, आणि इमारत मागे झुकलेली, वर निमुळती झालेली दिसते. व्ह्यू कॅमेऱ्यात फिल्म भिंतीला समांतर ठेवून फक्त लेन्स वर सरकवता येते. उभ्या रेषा उभ्याच राहतात. हा नुसता देखणेपणाचा प्रश्न नाही. रेषा समांतर असल्या तर खिडकीची रुंदी आणि मजल्याची उंची यांचे प्रमाण फोटोवरून काढता येते. एक माप माहीत असले की बाकीची मिळतात. झुकलेल्या फोटोतून ते फार कठीण जाते.

दुसरी गोष्ट उजेडाची. टेराकोटातली नक्षी काही बोटेच खोल. समोरून ऊन आले की ती सपाट होते, ढगाळ दिवशी मळकट डागासारखी दिसते. भिंतीला घासून जाणारा तिरपा उजेड आला की प्रत्येक पान सावलीसकट उठून दिसते. उंच इमारतींच्या घळीत असा उजेड वर्षातल्या काही आठवड्यांतच, तोही थोडा वेळ मिळतो. निकेल तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा जाई. त्याचे फोटो पाहताना मला सगळ्यांत जास्त जाणवते ती ही वाट पाहणे. चौकटीत स्वतःची चलाखी कुठे दिसत नाही. बघणाऱ्याची नजर सरळ इमारतीकडे जाते.

गॅरिक: पाडकाम म्हणजे उभा छेद

1892 मध्ये पूर्ण झालेली शिलर इमारत पुढे गॅरिक या नावाने ओळखली जाऊ लागली. रँडॉल्फ स्ट्रीटवर 17 मजल्यांचा मनोरा, आणि त्याच्या पोटात सुमारे तेराशे प्रेक्षकांचे नाट्यगृह. रंगमंचापासून प्रेक्षागृहाकडे मोठ्या होत जाणाऱ्या एकात एक कमानी, सगळ्या नक्षीने भरलेल्या. ॲडलरचा आवाजाचा हिशेब आणि सलिव्हनची नक्षी इथे वेगळी काढता येत नाही.

1960 मध्ये मालकांनी ती पाडून पार्किंग बांधायचे ठरवले. निकेलने इथे कॅमेरा खाली ठेवला आणि फलक हातात घेतला. त्या जूनमध्ये तो आणि त्याचे सहकारी इमारतीसमोर निदर्शने करत उभे राहिले. पत्रे लिहिली. लिऑन डेस्प्रेस यांच्यासारखे नगरसेवक बाजूला आले, जगभरच्या वास्तुकारांनी पाठिंबा दिला. महापालिकेने पाडकामाचा परवाना नाकारलाही. मालक न्यायालयात गेले. पहिल्या न्यायालयाने शहराची बाजू घेतली, पण वरच्या न्यायालयाने परवाना द्यावा असा आदेश दिला. खासगी मालकाला त्याची इमारत केवळ ती थोर आहे म्हणून, भरपाई न देता, राखायला लावण्याचा आधार त्या वेळच्या कायद्यात पुरेसा नव्हता. 1961 मध्ये गॅरिक पडली.

ही निदर्शने अपयशी ठरली असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. पण जुन्या इमारतीसाठी सामान्य नागरिक रस्त्यावर उभे राहतात, शहर प्रशासन त्यांचे ऐकून परवाना अडवते, हे शिकागोत नवीन होते. 1968 मध्ये शहराने वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याची जमीन इथे नांगरली गेली.

निकेलपुरते बोलायचे तर त्याच्या कामाने इथे दोन वळणे घेतली. एक म्हणजे पाडकाम सुरू झाल्यावरही तो फोटो काढत राहिला. माझ्या मते ही त्याची सगळ्यांत मोठी देणगी. इमारत उभी असते तेव्हा आपल्याला तिची त्वचा दिसते. पाडताना ती मधून उघडते. बांधणाऱ्यांनंतर कोणालाच न दिसलेली गोष्ट काही दिवस दिसते: नक्षीची कमान म्हणजे गिलाव्याचे पातळ कवच, ते मागच्या पोलादाला कसे टांगले आहे, वरच्या कार्यालयांचा भार नाट्यगृहावरून बाजूला कसा नेला आहे. वास्तुकार कागदावर जो उभा छेद काढतो तो पाडणाऱ्याचा गोळा प्रत्यक्षात काढतो, आणि दुसऱ्या दिवशी पुसून टाकतो. मूळ नकाशे नसलेल्या इमारतीसाठी हीच शेवटची संधी. अर्ध्या तुटलेल्या कमानी, वर उघडे आकाश आणि खाली विटांचे ढीग, असे निकेलचे गॅरिकचे फोटो बघून लोकांना वाईट वाटते. मलाही वाटते. पण ते फोटो नुसत्या शोकाचे नाहीत. त्यांत बांधकाम वाचता येते.

पाडकामाचे फोटो काढणे म्हणजे तमाशा बघणे, अशी एक कुजबुज असते. आधीपासून इमारत जाणणाऱ्याने काढले तर तसे नसते. कुठला तुकडा कुठल्या मजल्याचा, हे त्यालाच कळते.

दुसरे वळण: जॉन व्हिन्सी आणि डेव्हिड नॉरिस या दोघांबरोबर निकेलने गॅरिकमधून नक्षीचे तुकडे सोडवायला सुरुवात केली. थंडीच्या दिवसांत छिन्नी, पहार, दोर घेऊन. गिलाव्याचा एकेक भाग शेकडो किलोंचा. ते तुकडे संग्रहालयांत आणि संस्थांत गेले. काही वेल्स स्ट्रीटवरच्या ‘सेकंड सिटी’ रंगमंचाच्या दर्शनी भागात बसवले आहेत. पुढे निकेलने स्वतः जमवलेला साठा इलिनॉयमधल्याच एडवर्ड्सव्हिलच्या विद्यापीठाने घेतला. गॅरिकच्या जागी उभ्या राहिलेल्या पार्किंगच्या भिंतीवर तिच्या नक्षीच्या प्रतिकृती लावल्या होत्या. पुढे ते पार्किंगही गेले.

सोडवलेल्या तुकड्याबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. भिंतीपासून सुटलेली नक्षी देखणी वस्तू होते, आणि देखणी वस्तू एकटी फिरते. ती जमिनीपासून किती उंचीवर होती, तिच्यावर सकाळचे ऊन येई की संध्याकाळचे, शेजारी तिच्यासारख्या अकरा होत्या की ती एकटीच, हे तिच्या अंगावर लिहिलेले नसते. ते लिहिलेले असते आधी काढलेल्या फोटोत. संग्रहालयातल्या काचेमागच्या फरशीला तिची इमारत परत मिळते ती या निगेटिव्हमधून. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पूर्ण दर्शनी भाग, मग एक खण, मग तपशील, आणि मग छिन्नी.

लासाल स्ट्रीट

1894 मध्ये उघडलेली ॲडलर-सलिव्हनची स्टॉक एक्स्चेंज इमारत 13 मजल्यांची होती, लासाल आणि वॉशिंग्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर. रस्त्यावर येणारी भव्य कमान, तिच्यावर एका लयीत पुढे-मागे होणाऱ्या खिडक्या. पायाचीही एक गोष्ट आहे. शिकागोची जमीन मऊ चिखलाची. शेजारच्या वर्तमानपत्राची छपाई यंत्रे पाया ठोकताना हादरू नयेत म्हणून एका बाजूला विहिरींसारखे खोल पाये खोदून खालच्या कठीण थरापर्यंत नेले. शिकागोतल्या उंच इमारतींमध्ये ही पद्धत पुढे सर्रास झाली, तिची सुरुवात इथली.

आत दुसऱ्या मजल्यावर व्यवहाराचे दालन: दोन मजले उंच, रंगीत काचांतून उजेड घेणारे, भिंतींवर आणि छतावर साच्यांनी छापलेली अनेक रंगांची नक्षी. 1908 मध्ये शेअर बाजार तिथून हलला. दालनाचे वेगवेगळे वापर झाले, छत खाली आणले गेले, रंगांवर रंग चढले. 1960 नंतर आत जाणाऱ्याला त्या दालनात काही खास दिसलेच नसते.

वारसा आयोग इमारतीच्या बाजूने होता. पण यादीत घालण्याचा शेवटचा अधिकार नगर परिषदेचा, आणि परिषदेने ती घातली नाही. भीती भरपाईची होती. त्याच सुमारास कायद्याचे प्राध्यापक जॉन कॉस्टोनिस यांनी एक योजना मांडली: वारसा इमारतीच्या मालकाला त्या जागेवरचा न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेच्या मालकाला विकू द्यावा. आज आपण टीडीआर म्हणून ज्याला ओळखतो ती हीच कल्पना. स्टॉक एक्स्चेंज वाचवण्यासाठी ती वेळेत लागू झाली नाही. वारशासाठी घातलेले निर्बंध म्हणजे आपोआप भरपाई द्यावी लागणारी जप्ती नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या खटल्यात सांगितले, पण ते 1978 मध्ये. मधली सात वर्षे या इमारतीच्या नशिबात नव्हती. ऑक्टोबर 1971 मध्ये पाडकाम सुरू झाले.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने व्यवहाराचे दालन राखायचे ठरवले. व्हिन्सी आणि निकेल यांनी ते उतरवले. नंतरचे थर आणि आच्छादने काढल्यावर मूळ रंग दिसले. काचा, खांबांचे माथे, कापडावरची नक्षी, सगळे खुणा करून बाहेर नेले. बाहेर पाडणाऱ्यांचे घड्याळ चालू होते. हे काम संपले, आणि इथे थांबायची वेळ झाली होती.

निकेल थांबला नाही. काही तुकडे अजून आत होते, आणि ते दुसऱ्या दिवशी भंगार होणार हे त्याला माहीत होते. ज्याने वीस वर्षे हे बघितले त्याला ते सोडवत नसणार. पण अर्धी पाडलेली इमारत ही ओळखीची इमारत राहिलेली नसते, हे त्याला सगळ्यांपेक्षा चांगले कळत होते. तुळई गेली की भार वाट बदलतो. वरचा मलबा अशा मजल्यावर बसतो ज्याला तो पेलायचा नव्हता. अशा ठिकाणी एकट्याने जाणे, याला मी त्याग म्हणणार नाही. ती चूक होती, आणि तिच्यामुळे एक माणूस गेला, एक लग्न झाले नाही आणि एक पुस्तक जवळजवळ चाळीस वर्षे अडले. टेराकोटाच्या कुठल्याही तुकड्याची ही किंमत नव्हे. पडक्या इमारतींत कॅमेरा घेऊन घुसणाऱ्या तरुणांना निकेलचे नाव प्रेरणा म्हणून सांगितले जाते तेव्हा माझ्या मनात हे येते. त्यांना त्याची व्ह्यू कॅमेऱ्याची शिस्त सांगा. आत जाणारा कधीही एकटा नसावा, पाडकाम करणाऱ्याची परवानगी असावी, पाडणे चालू असताना आत पाऊल नको, हेही त्याच दमात सांगा.

मागे काय राहिले

पुस्तकाबद्दल मला थोडी तक्रार आहे, आणि ती त्याच्यावरच्या प्रेमातून आहे. प्रकाशक ठरला होता, विषय दुसऱ्या कोणाला इतका माहीत नव्हता. पण यादीत नवी इमारत सापडे, जुनी पडायला निघे, आणि लिखाण मागे पडे. एखादी इमारत उद्या जाणार असेल तर टेबलावर कोण बसेल? तरीही, नोंद करणाऱ्याच्या हातून काम अपुरे राहिले की सगळा साठा एका माणसाच्या आयुष्यावर टांगलेला राहतो. इथे तो वाचला तो दोन कारणांनी. निकेलच्या निगेटिव्ह आणि टिपणे दुसऱ्याला उलगडतील अशा होत्या, आणि मागे राहिलेल्या मित्रांनी हात सोडला नाही. त्यांनी समिती करून साठा सांभाळला. व्हिन्सी आणि वॉर्ड मिलर यांनी काम पुरे करून 2010 मध्ये पुस्तक छापले. त्यात ॲडलर-सलिव्हनच्या 256 कामांची नोंद आहे. त्याच वर्षी सुमारे 15,000 फोटो, निगेटिव्ह आणि कागदपत्रे आर्ट इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाकडे सोपवली गेली.

या साठ्याची गरज किती होती ते 2006 मध्येच दिसले होते. सलिव्हनच्या जन्माला 150 वर्षे झाली, त्या एका वर्षात शिकागोतली या जोडीची तीन कामे जळाली. जानेवारीत पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्च, छताच्या दुरुस्तीच्या वेळी. ते मूळचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, ॲडलरचे वडील ज्या समाजाचे रब्बी होते त्याच समाजासाठी बांधलेले. ऑक्टोबरमध्ये वर्ट डेक्स्टर इमारत, नोव्हेंबरमध्ये जॉर्ज हार्वी यांचे घर. या तिन्ही इमारतींचा घात आगीने केला, पाडकामाच्या गोळ्याने नाही. आपली इमारत सुरक्षित आहे असे मानून फोटो पुढच्या वर्षावर ढकलणाऱ्यांसाठी हे लिहिले.

निकेलने कॉर्टलँड स्ट्रीटवर एकोणिसाव्या शतकातली एक छोटी व्यापारी इमारत घेतली होती. राहायला आणि कामाला म्हणून ती तो स्वतःच्या हाताने दुरुस्त करत होता. 2010 मध्ये शहराने तिला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. त्याला ग्रेसलँड दफनभूमीत पुरले आहे, सलिव्हनच्या थडग्यापासून जवळच.

स्टॉक एक्स्चेंजच्या जागी चाळीसहून अधिक मजल्यांचा कार्यालयीन टॉवर आहे. इमारतीचे जिने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. व्यवहाराचे दालन 1977 मध्ये आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा उभे झाले, आणि प्रवेशाची कमान त्याच संस्थेच्या बाहेर, मनरो स्ट्रीट आणि कोलंबस ड्राइव्हच्या कोपऱ्यावर उघड्यावर उभी आहे. तिच्यातून आत जायला काही नाही. मागे मोकळी जागा. तिच्यामागे काय होते ते निकेलच्या फोटोंत बघावे लागते.

कमानीच्या दोन खांद्यांवर दोन गोल पदके कोरलेली आहेत. एकात 1893 हे साल आहे. दुसऱ्यात एक साधे घर आहे. स्टॉक एक्स्चेंज बांधायच्या आधी त्याच जागेवर उभे असलेले पेक कुटुंबाचे घर.